योसेफाचं बोलणं

शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभा राहून पडदेवाला खिडकीची उंची घेत होता. टेपचं टोक त्यानं चौकटीच्या वरच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं होतं, आणि नेमकी तेव्हाच त्याला रस्त्यापलीकडे आपली लेक दिसली. खरं तर लोकांच्या खिडकीतून बाहेर बघायचं नाही, हा त्याचा जुना नेम. पडदेवाल्यानं खिडकी बघावी, खिडकीतलं बघू नये, असं तो कामावर येणाऱ्या नव्या माणसांना सांगत आला होता. पण ही खोली रिकामी होती, नुकताच रंग दिलेली. बोललं की भिंती उलट उत्तर देत होत्या. पडदा नसलेल्या त्या मोठ्या खिडकीतून दुपारचं ऊन असं धडधडीत आत आलं होतं, की त्याची नजर उन्हाच्याच वाटेनं उलटी चालत बाहेर गेली. समोर काचेच्या भिंतीचं कॉफीचं दुकान होतं. काचेलगतच्या टेबलाशी लेक बसली होती. या वेळेला ती ऑफिसात असायला हवी होती. तिच्यासमोर एक उतारवयाचा माणूस होता, केस काळे केलेला, खांदे पाडून बसलेला. लेकीनं हात पुढे केला, त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, आपल्या गळ्यातल्या रुमालाच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, एकदा उजेडात धरून पाहिल्या आणि चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवला. ठेवताना एका कानामागची काडी सुटली, ती तिनं नीट अडकवली. चष्म्याशिवायचा तो चेहरा मधल्या वेळात उघडा पडला होता, आणि पडदेवाल्याला त्यावर आपल्या लेकीची हनुवटी दिसली. तीच, मधोमध कुणी बोट रुतवल्यासारखी. इतकी वर्षं ती हनुवटी जगात एकच आहे असं तो धरून चालला होता. कुणीतरी घरातली वस्तू उचलून नेऊन परक्याच्या ओट्यावर ठेवावी, तसं त्याला झालं.

“किती भरलं हो?” खाली शिडी धरून उभ्या असलेल्या घरमालकीणबाईंनी विचारलं.

त्यानं टेपकडे पाहिलं. पिवळ्या पट्टीवर आकडे मुंग्यांसारखे हलत होते.

“पुन्हा घ्यावं लागेल,” तो म्हणाला.

“का? खिडकी वाढली की काय?” बाई हसल्या. त्यांचं हसणं रिकाम्या खोलीत दोनदा ऐकू आलं. त्यानं पुन्हा माप घेतलं, पुन्हा विसरला, आणि शेवटी काहीतरी सांगून खाली उतरला. शिडी मिटताना त्यानं बाहेर पाहिलं नाही. पण आता न बघूनही दिसत होतं.

तो माणूस कोण, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. घरात त्याचं नाव कधी निघत नसे. अगदीच अडलं तर सासूबाई ‘तो जहाजवाला’ म्हणायच्या आणि म्हणून झाल्यावर तोंड कडू झाल्यासारखं पाणी प्यायच्या. जहाजावर स्वयंपाकी होता. सासूबाईंच्या मुलीशी लग्न ठरलं होतं, कपडे शिवून झाले होते, एक शेवटची फेरी मारून येतो म्हणाला आणि जहाज सुटलं ते सुटलंच. आधी पत्रं आली, मग तीही आटली, आणि मग इकडे मूल झालं. पडदेवाला त्या घरात पहिल्यांदा गेला तोही पडदा लावायलाच. एकच खोली होती. तीत सासूबाई, त्यांची मुलगी आणि मुलीची मुलगी. दिवा लावला की पोर जागी होते, म्हणून मधोमध एक जाड पडदा हवा होता. टेप धरायला दुसरं कुणी नव्हतं. टेबलाखालून एक हात बाहेर आला आणि त्यानं टेपचं टोक मुठीत पकडलं. तीनएक वर्षांची होती. त्यानं म्हटलं, सोड. ती म्हणाली, माप. ती टोक सोडेना, आणि तो जिथे जाईल तिथे ती टेपच्या दुसऱ्या टोकाला लोंबत फिरली. दार मापलं, आजी मापली, दुधाचं पातेलं मापलं. पुढच्या खेपेला तो दारात दिसल्यावर ती ओरडली, “मापू आला!” आणि तो मापूच राहिला. लग्न झालं, वर्षं गेली, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, ऑफिसात लागली, तरी तो मापूच. लोक म्हणायचे, पोरीला बाबा म्हणायला शिकवा की. तो हसायचा. बाबा म्हणवून घेणारे गल्लीत ढिगानं आहेत, मापू जगात एकटाच, असं त्याला मनातून वाटायचं. आज बसच्या खिडकीपाशी शिडी आडवी धरून बसलेला असताना त्याला पहिल्यांदा वाटलं, की मापू हे एखाद्या लाडक्या शेजाऱ्याचं नाव आहे. बाबाची जागा तिनं रिकामी ठेवली होती, जेवायला उशीर होणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात तशी.

बुधवार होता. बुधवार योसेफाचा. कामावरून परतताना चर्चमध्ये शिरायचं, डाव्या बाजूच्या लहान वेदीपाशी संत योसेफाच्या पुतळ्यासमोर एक मेणबत्ती लावायची, आठवड्याचं काय ते सांगायचं आणि घरी जायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. ही भक्ती त्यानं निवडलेली नव्हती. तो लहानपणी बोलायचाच नाही. चौथं वर्ष सरत आलं तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, काढे झाले, आणि मग आईनं त्याला कडेवर घेऊन योसेफाच्या पायाशी आणून ठेवलं. आत्या तिथल्या तिथे म्हणाली होती, “अगं, मुक्याला मुक्याकडे काय आणतेस? सगळ्या पवित्र शास्त्रात या बिचाऱ्याच्या तोंडी एक अक्षर नाही!” आई म्हणाली, “म्हणूनच आणलंय. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं.” त्या महिन्यात तो बोलला. पहिला शब्द ‘नको’ होता, औषधाच्या चमच्याला उद्देशून, असं घरात मोठ्या कौतुकानं सांगत. नवस फेडायला आईचा बुधवार सुरू झाला, आई गेल्यावर तो त्याच्याकडे आला, घरातलं घड्याळ येतं तसा. त्याला मोठ्या प्रार्थना येत नव्हत्या. योसेफ सुतार, म्हणून तो त्याच्याशी बोलायचा ते एखाद्या बरोबरीच्या कारागिराशी बोलावं तसं, मनातल्या मनात. या आठवड्यात दवाखान्याचे पडदे झाले. हिरवट कापड होतं, धुतल्यावर आटेल असं वाटतं. बायकोचा गुडघा बरा आहे. लेकीला मुलगा आवडलाय, आम्हालाही आवडलाय. मागायचं असं काही नसे. मागितल्यासारखं झालं तर तो लगेच म्हणायचा, जमलं तर बघ, घाई नाही.

पुतळा प्लास्टरचा होता. नाकाचा शेंडा कधीतरी उडालेला आणि नंतर कुणीतरी हौशी माणसानं जरा जास्तच टोकदार बसवलेला. एका हातात लिलीची काठी, दुसऱ्या हातावर मूल. ते मूल योसेफाकडे बघत नव्हतं. ते बाहेर बघत होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे, आणि हात पुढे केला होता. इतक्या वर्षांत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही, पण आज ते खुपलं. लग्नाच्या वेळेची गोष्ट त्याला आठवली. चार लोक चार तोंडांनी बोलत होते. आयतं पोर पदरात पडलंय, म्हणत होते. तेव्हाचे फादर थकलेले, गोड स्वभावाचे होते. त्यांनी याच वेदीपाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “बघ, पोर कुणाचं ते यानंही विचारलं नाही. स्वप्नात दूत आला, सांगितलं, हा उठला आणि त्या मायलेकरांना घरी घेऊन आला. बोलला नाही. तूही बोलू नकोस, लोक थकतील.” लोक थकले. पण तो बोलायचा थांबला तो थांबलाच. गप्प राहणं त्याला शोभून दिसलं. इस्त्रीच्या सदऱ्यासारखं ते त्यानं रोज अंगात घातलं, आणि माणूस किती सोशिक, किती समजूतदार, असं ऐकलं की कॉलर जरा सरळ करावी तसं त्याला आतून वाटे. आता मेणबत्तीची वात पेटेना. काडी बोटापर्यंत जळत आली. त्यानं वर पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो संताशी भांडला. तुझं बरं होतं, तो मनात म्हणाला. पोराचा खरा बाप स्वर्गात होता. तो कॉफी प्यायला येत नव्हता. योसेफ टोकदार नाकानं समोर बघत राहिला. दुसरी काडी लागली.

घरी लेक आधीच आली होती. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती आणि गुणगुणत होती. “मापू, दमलास? चहा टाकू?” तिनं विचारलं. तिचा गळ्यातला रुमाल खुर्चीच्या पाठीवर पडला होता. एका टोकाला काचा पुसल्यावर उठतात तशा दोन सुरकुत्या होत्या. तो म्हणाला, टाक. चहा झाला, तो प्याला, कप विसळला. ऑफिस कसं होतं, हे तो रोज विचारायचा, आज त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. बायको दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. आपल्या घराला एक पातळ पडदा लागला आहे आणि आपण त्याच्या चुकीच्या बाजूला आहोत, असं त्याला वाटलं. पलीकडचं हलताना दिसतंय, आवाज येतोय, पण आकृत्या ओळखू येत नाहीत. असं किती दिवस होतं? पडदे लावणाऱ्याच्याच घरात लागला आणि त्याला कळलं नाही.

बायकोनं रविवारी सांगितलं. चर्चमधली मिस्सा आटोपून दोघं पायी घरी येत होती. लेक मित्रमैत्रिणींत मागे राहिली होती. झाडांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि बायको सावलीसावलीतून चालत होती. नेहमीसारखी. मध्येच ती थांबली.

“अहो, एक सांगायचं होतं. तो आलाय परत. सहा महिने झाले. बहिणीकडे राहतो.”

“बरं,” तो म्हणाला.

“हिला त्यानंच गाठलं. माझ्याकडे नाही आला, यायचं तोंडच नाही त्याला. ही भेटते मधूनमधून. मी म्हटलं, भेट बाई, रक्ताचं आहे, मला काय त्याचं.” ती बोलताना आपल्या पर्सच्या पट्ट्याशी खेळत होती. “आता तो म्हणतो, लग्नात मी चालू का हिच्याबरोबर? बाप चालतो तसा, दारापासून वेदीपर्यंत. एवढंच मागतोय. रडला म्हणे. हिला नाही म्हणवेना.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिच्या मागे बांधलेल्या खोक्यात काहीतरी काचेचं किणकिणत होतं. ते लांब जाईपर्यंत तो ऐकत राहिला.

“मला आधी का नाही सांगितलं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.” मग ती म्हणाली, “आणि खरं सांगू? वाईट वाटलं तरी तुम्ही कुठे सांगता? तुम्ही कधी काही बोलत नाही. मग आम्ही धरून चालतो की तुम्हाला चालतं. तुम्हाला सगळंच चालतं.”

त्यात टोमणा नव्हता. ती दमून बोलत होती, आणि तेच जास्त लागलं. त्याच संध्याकाळी लेक बाल्कनीत त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा ओहोळ फुटपाथच्या कडेनं हळूहळू सरकत होता. “मापू, आई बोलली ना तुझ्याशी?” “बोलली.” “तुला चालेल ना?” तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं. त्याला सांगायचं होतं. शब्द घशापर्यंत आलाही, जड, ओल्या कापडाच्या ताग्यासारखा, आणि मग जुनी सवय त्याच्याआधी बोलून मोकळी झाली. “चालेल,” तो म्हणाला. तिनं त्याच्या दंडाला डोकं टेकवलं, “मला माहीत होतं, मापू समजून घेतो,” म्हणाली आणि आत गेली. तो तिथेच उभा राहिला. चालेल. चालतं. चालू दे. आयुष्यभर आपण हा एकच शब्द वेगवेगळ्या काळांत वापरला, असं त्याला वाटलं, आणि चालायची वेळ आली तेव्हा चालणार होता दुसराच.

त्या आठवड्यात त्यानं कापड कापताना चूक केली. पंचवीस वर्षांत झाली नव्हती. त्या रिकाम्या खोलीचाच पडदा, भारी कापड, अस्तरासकट, आणि तो लावून बघितला तर जमिनीपासून वीतभर वर लोंबत होता, वाढत्या वयाच्या मुलाच्या पँटसारखा. दुकानाच्या मालकीणबाई वयानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ होत्या. त्यांनी पडदा टेबलावर पसरला, चष्म्यावरून बघितलं. “काय रे, हा पडदा आहे की परकर?” मग त्याचा चेहरा बघून आवाज उतरवला. “लेकीचं लग्न डोक्यात आहे ना? होतं असं. माझ्या धाकटीच्या वेळी मी एका गिऱ्हाइकाला उशांच्या खोळींऐवजी टेबलक्लॉथ पाठवला होता. जा, जरा मागे जाऊन पड. खाली पट्टी जोडून देऊ, त्या बाईंना म्हणू नवी फॅशन आहे.”

मागची खोली म्हणजे कापडाचं कोठार. खालपासून वरपर्यंत तागे रचलेले. एका बाजूला उरलेल्या मखमलीचे आडवे तागे होते, तिथे दुपारी जेवल्यावर पडायची त्याची जागा होती. नव्या कापडाला एक वास असतो, खळीचा, थोडा कागदाचा, थोडा भिजल्या पिठाचा. त्या वासात बाहेरचे आवाज बुडून जातात. कात्रीचा आवाजही इथे येईपर्यंत कुणीतरी लांब गवतातून चालल्यासारखा होतो. वर लहान झरोका होता, त्यातून उजेडाचा एक पट्टा येऊन पांढऱ्या जाळीच्या ताग्यावर पडला होता आणि तागा आतून पेटल्यासारखा दिसत होता. तो त्याकडे बघत पडला. लहान असताना आई सांगायची, योसेफाला जे काही कळलं ते झोपेतच. उठ, तिला घरी आण. उठ, पोराला घेऊन पळ. उठ, परत जा. प्रत्येक वेळी तो उठला आणि निघाला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पडदेवाल्यानं योसेफाकडे एकच गोष्ट मागितली होती: मलाही एकदा स्वप्नात कुणीतरी सांगू दे, की बरोबर करतोयस. कुणी आलं नाही. त्याला खिडक्यांचीच स्वप्नं पडत. खिडक्यांमागे खिडक्या, आणि टेप पुरत नाही.

आज त्याला झोप लागली तेव्हा तो एका सुतारशाळेच्या दारात उभा होता. भुशाचा ढीग, त्यात गुडघ्यापर्यंत बुडालेल्या लाकडाच्या साली, वळणदार, उन्हात पिवळ्याजर्द. एक माणूस पाठमोरा रंधा मारत होता आणि सारखा बोलत होता. त्याच्या आजूबाजूला कुठेतरी एक मूल होतं. ते दिसत नव्हतं, पण भुसा हलत होता. “त्या बाजूनं नको येऊस,” माणूस म्हणत होता, “पायात खिळा जाईल. चपला कुठायत? कितीदा सांगितलं, चपलांशिवाय आत यायचं नाही. ते ठेव खाली. ठेव म्हणतो ना! हे धर. असं नाही, दोन्ही हातांनी. आई बोलावतेय? सांग तिला, हा पाय बसवला की आलोच. काल कुठे होतास तू संध्याकाळी? आम्हाला तीन दिवस शोधल्यासारखं झालं. हसू नकोस. मी बोलतोय तुझ्याशी.” रंध्याबरोबर आवाज वर-खाली होत होता, खोकत होता, चिडत होता, मध्येच कुठलीशी ओळ गुणगुणत होता. पडदेवाला दारात उभा राहून ऐकत राहिला. आत जावं असं त्याला वाटलं नाही. त्या माणसानं वळून बघावं असंही वाटलं नाही. इतकं साधं, इतकं रोजचं बोलणं त्यानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

जाग आली तेव्हा उजेडाचा पट्टा ताग्यावरून भिंतीवर सरकला होता. तो उठून बसला, तोंड कोरडं पडलं होतं. तो बोलला असणारच, त्याला वाटलं. घरात लहान पोर, हाताखाली धारेची हत्यारं, गप्प राहील कसा? ओरडला असेल, दटावलं असेल, हट्ट धरला असेल, माझा आहे हा, असंही कधी म्हणाला असेल. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून. आणि आपण मात्र त्या कोऱ्या जागेला देवपण समजून तिच्यासारखंच कोरं राहायला बघत आलो. हा विचार त्याला इतका साधा वाटला, की त्यात काही चूक तर नाही ना, म्हणून त्यानं तो पुन्हा पहिल्यापासून करून बघितला. मग त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि वीतभर कमी पडलेल्या पडद्याला पट्टी जोडायला बसला. त्या बुधवारी तो योसेफासमोर उभा राहिला तेव्हा त्यानं आठवड्याचं काहीच सांगितलं नाही. नुसता उभा राहिला, आपली पाळी संपलेल्या माणसासारखा.

तरीही घरी तो बोलला नाही. दोनदा लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. एकदा ती फोनवर होती. एकदा ती झोपलेली होती, पायावरचं पांघरूण सरकलेलं. ते त्यानं ओढलं आणि परत फिरला. इतक्या वर्षांचं गंजलेलं कुलूप, किल्ली सापडली म्हणून लगेच थोडंच उघडतं?

लग्नाच्या दोन दिवस आधी दुपारी सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं होतं, कोण कुठे उभं राहणार, कधी चालायचं, हे एकदा करून बघायला. नवे फादर तरुण होते आणि घाईत होते, त्यांच्या मागे संध्याकाळचा एक बाप्तिस्मा होता. होणारा जावई वेदीपाशी उभा राहून खिशातला फोन बंद आहे ना, हे तिसऱ्यांदा बघत होता. बायको पहिल्या बाकावर बसली होती, पलीकडच्या बाकावर जावयाचे आईवडील. आणि जहाजवालाही आला होता. नवे बूट घालून. जवळून तो कॉफीच्या दुकानातल्यापेक्षा लहान दिसत होता. त्यानं पडदेवाल्याकडे बघून मान लववली, हात पुढे करावा की नाही हे ठरवता ठरवता खिशात घातला. पडदेवाल्यानंही मान लववली. रंगीत काचांतून आलेला उजेड मधल्या वाटेवर सांडला होता, निळा, मग विटकरी, मग परत निळा, आणि त्यात धूळ इतक्या सावकाश फिरत होती की सगळं चर्च पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. लेक दाराशी उभी होती, रोजच्या कपड्यांत, केस वर बांधलेले.

“हं,” फादर म्हणाले, “नवरीला घेऊन कोण चालणार?” आणि उत्तर ठाऊक असल्यासारखे ते पडदेवाल्याकडे वळले. दर बुधवारी तो त्यांना दिसायचा. “तुम्हीच ना?”

जहाजवाल्यानं घसा साफ केला, कॉलर नीट केली. त्याचा कोपर अंगापासून थोडा सुटला, तिनं हात घालावा म्हणून, आणि तो तसाच राहिला. लेकीनं आईकडे पाहिलं. बायकोनं खाली पर्सकडे पाहिलं. आता पडदेवाल्यानं ‘नाही, ते’ म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यानं तोंड उघडलंही तेच म्हणायला. पाण्याखाली आवाज जातो का, असा काहीतरी वेडा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

“मी,” तो म्हणाला. “मी चालणार.”

आवाज मोठा झाला. छतापर्यंत गेला आणि तिथून परत आला, दुसऱ्याच कुणीतरी दुजोरा द्यावा तसा. होणाऱ्या जावयानं फोनवरून मान वर केली. जहाजवाल्याचा कोपर अजून तसाच होता. त्यानं तो हात उचलला आणि चष्मा नाकावर सारखा केला, जणू कोपर त्यासाठीच पुढे काढला होता. “हो,” तो म्हणाला, “हो, म्हणजे, बरोबरच आहे.” मग त्यानं बाकांच्या दोन्ही रांगांकडे पाहिलं. कुठे बसायचं हे त्याला कळेना. वराकडचा तो नव्हता, आणि वधूकडचा की नाही, हे आता कुणी सांगणार नव्हतं. शेवटी बायकोनं पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली. तो बाकाच्या अगदी टोकाला बसला, एक पाय बाहेरच. जन्मात पहिल्यांदा पडदेवाल्यानं कुणाच्या तरी हातातलं काही काढून घेतलं होतं. हातातलं, रडून मागून मिळवलेलं. परत देता आलं असतं, अजूनही. त्यानं दिलं नाही. तो मधल्या वाटेनं दाराकडे चालत गेला आणि लेकीच्या शेजारी उभा राहिला.

तिनं त्याच्या हातात हात घातला. घातला म्हणजे नखांनी धरला.

“चला, सावकाश,” फादर पुढून म्हणाले, आणि ती दोघं निघाली.

“लाज नाही वाटत?” ती ओठ न हलवता म्हणाली. “मी विचारलं तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? बाल्कनीत उभं करून विचारलं होतं मी. ‘चालेल’ म्हणालास!”

“म्हणालो.”

“मग?”

“खोटं बोललो.”

“खोटं बोललास! आणि आज इथे, सगळ्यांसमोर? त्या माणसाचं तोंड बघितलंस? काय सांगू मी त्याला आता?”

“मी सांगतो.”

“तू सांगणार! तू! अरे, तुला साधं मीठ कमी आहे म्हणता येत नाही, अळणी खातोस आणि उठतोस! आम्हाला काय स्वप्न पडतं का, तुझ्या पोटात काय आहे ते? आई म्हणते त्याला चालतं, मी म्हणते त्याला चालतं, आणि तू... पाय हळू टाक. पुढे कुठे पळतोयस? माझ्याबरोबर चाल.”

त्यानं पाय हळू केला. निळा उजेड दोघांच्या अंगावरून सरकला, मग विटकरी आला. तिची नखं सदऱ्यातून दंडात रुतत होती. ती आईशी भांडायची, कपबशा आपटायची, आठवडा आठवडा अबोला धरायची. त्याच्यावर मात्र ती इतक्या वर्षांत एकदाही चिडली नव्हती. त्याच्याशी ती नेहमी नीट वागली होती, पाहुण्याशी वागतात तशी. आता ती थांबत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती दुसऱ्या हाताच्या पालथ्या मुठीनं पुसत होती आणि बोलत होती, सासरचे लोक बघतायत, तुझ्यामुळे माझं नाक लाल झालंय, असं कुणी करतं का, असं कधी कुणी करतं का. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं तोंड उघडलं तर ती म्हणाली, “मध्ये बोलू नकोस, मी बोलतेय.” समोर वेदी जवळ येत होती, मेणबत्त्यांच्या रिकाम्या समया, पांढरं आच्छादन, त्याची दुमड एका बाजूला किंचित खाली आलेली. वाट इतक्यात संपू नये, असं त्याला वाटलं.

संपली. फादरांनी घड्याळाकडे पाहिलं.

“जरा घाईत झालं,” ते म्हणाले. “आणि चालताना बोलायचं नाही. परत दारापासून या.”

ती दोघं वळली. बाकाच्या टोकाला बसलेला माणूस त्यांच्याकडे बघत होता. तिनं जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावला, पण थांबली नाही. दारापाशी पोचल्यावर तिनं एकदम विचारलं, “आणि तुला कधीपासून माहीत होतं? आईनं सांगायच्या आधीपासून?”

“तुम्ही कॉफीच्या दुकानात बसला होता. मी समोर वर होतो, काम चाललं होतं.”

तिची हनुवटी थरथरली.

“आणि बोलला नाहीस,” ती म्हणाली. “बघितलंस, आणि घरी येऊन माझ्या हातचा चहा प्यालास, आणि बोलला नाहीस!”

फादरांनी लांबून टाळी वाजवली. “हं, या!”

त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरला, आणि ती दोघं पुन्हा निघाली. तिचं अजून संपलं नव्हतं.